डॉकवरचा मॉनिटर मध्येच काळा पडतो, चार्जिंग तुटतं: बिघाड कुठे आहे ते आधी ओळखा, मग डॉक निवडा

लक्षण ओळखीचं आहे. काम चालू असताना बाहेरचा मॉनिटर दोन-तीन सेकंद काळा होतो आणि परत येतो. कधी त्याच्याबरोबर माऊस आणि कीबोर्डही गोठतात, कधी लॅपटॉप चार्जिंग सुटल्याचा आवाज करतो. बहुतेक जण डॉकला (लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टाला एका केबलने जोडून मॉनिटर, माऊस, नेट आणि चार्जिंग देणाऱ्या पेटीला) दोष देतात आणि दुसरा मागवतात. तो आठवडाभर नीट चालतो आणि पुन्हा तेच सुरू होतं, कारण घोळ बऱ्याचदा डॉकच्या आजूबाजूला असतो: केबल, वीज, लॅपटॉपचा पोर्ट, किंवा त्या पोर्टाला न झेपणारी मागणी.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी एकच गोष्ट नीट पाहा: स्क्रीन जाते तेव्हा तिच्याबरोबर आणखी काय काय जातं? त्या क्षणी लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह आणि डॉकवरचा दिवा, या दोन्हींकडे नजर टाका.

फक्त स्क्रीन गेली, माऊस आणि इंटरनेट चालू राहिलं, तर घोळ डॉकपासून मॉनिटरपर्यंतच्या वाटेत आहे. स्क्रीन, यूएसबी आणि नेटवर्क एकदम गेलं पण चार्जिंग टिकलं, तर लॅपटॉप आणि डॉक यांच्यामधली टाइप-सी केबल, पोर्ट, फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) किंवा विंडोजची वीजबचत यांपैकी काहीतरी. चार्जिंगसकट सगळं गेलं आणि डॉकचा दिवाही विझला, तर प्रश्न विजेचा. ज्या हबला, म्हणजे छोट्या डॉकला, स्वतःचा अडॅप्टर नसतो, त्यात शेवटचे दोन प्रकार एकमेकांत मिसळतात. त्याबद्दल पुढे.

सगळंच जात असेल तर

सोलापुरात इथूनच सुरुवात करावी. वीज जाते, इन्व्हर्टर उचलतो, दिवे क्षणभर लुकलुकतात आणि पंखा फिरतच राहतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्यामुळे त्याला काही कळत नाही. डॉकला मात्र बॅटरी नसते. त्याचा अडॅप्टर पूर्ण भारावर साधारण १० ते २० मिलिसेकंद तग धरतो. घरगुती इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर असेल तर बॅटरीवर जायला १० मिलिसेकंदांच्या आसपास घेतो. साध्या मोडवर तोच वेळ ३० ते ४० मिलिसेकंदांपर्यंत जातो. एवढ्यात डॉक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि स्क्रीन परत यायला काही सेकंद लागतात.

तपासणी सोपी आहे. काम सेव्ह करा, मेन स्विच पाडा आणि डॉकच्या दिव्याकडे पाहा. दिवा विझून पेटला तर इन्व्हर्टरवरचा मोड बदलण्याचा स्विच शोधा, बहुतेकदा तो मागच्या बाजूला असतो. तो ‘यूपीएस’वर टाका आणि पुन्हा तपासा. तरीही विझत असेल तर ६०० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस मध्ये घाला आणि त्यावर फक्त डॉक, मॉनिटर आणि राउटर ठेवा. डॉकमार्फत लॅपटॉपचं ६५ वॅट चार्जिंग, डॉकचा स्वतःचा खर्च, २४ इंची मॉनिटरचे २०-३० वॅट आणि राउटर मिळून भार सव्वाशे वॅटच्या आत बसतो. ६०० व्हीएचे यूपीएस साधारण ३६० वॅट देतात, म्हणजे भरपूर झालं. मागे इन्व्हर्टर आहेच, यूपीएसला मधली फट तेवढी बुजवायची आहे. लेझर प्रिंटर मात्र त्यावर लावू नका, तो तापताना एकदम खूप वीज ओढतो.

एक अडचण इथे येते. जुना इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा असेल तर काही यूपीएस ती वीज वीज म्हणून स्वीकारतच नाहीत. ते स्वतःच्या बॅटरीवर बसून राहतात आणि थोड्या वेळात कोलमडतात. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर हा प्रश्न येत नाही. स्टॅबिलायझर मात्र घेऊ नका. डॉकचे अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, कमी-जास्त दाब ते स्वतःच पचवतात. त्यांना त्रास होतो तो वीज क्षणभर तुटण्याचा.

पाणी येण्याच्या दिवशी बोअरची किंवा हौदाची मोटर चालू केली की स्क्रीन जात असेल, किंवा पूर्व भागात अशोक चौक, साखर पेठेकडे शेजारचे माग सुरू होताना जात असेल, तर तोही याच घराण्यातला त्रास. मोटर सुरू होताना कितीतरी पट जास्त करंट ओढते आणि त्या लाइनवरचा दाब क्षणभर इतका खाली बसतो की वीज तुटल्यासारखंच होतं. घरातलीच मोटर असेल तर वायरमनकडून कामाच्या टेबलाची लाइन मोटरच्या सर्किटवरून वेगळी करून घ्या. शेजारचे माग असतील तर यूपीएसला पर्याय नाही.

आता बिनअडॅप्टरचा हब. यात लॅपटॉपचा चार्जर हबच्या पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे चार्जिंगच्या) पोर्टात लावायचा आणि हब तो पुढे लॅपटॉपला देतो. बाजारात सगळ्यात जास्त हाच प्रकार मिळतो आणि वीज वारंवार जाणाऱ्या घरासाठी तोच सगळ्यात वाईट. चार्जरची वीज गेली की हब आणि लॅपटॉप यांच्यात कोण कोणाला वीज देणार याची बोलणी नव्याने होते. ती होत असताना बरेच हब यूएसबी आणि चित्र दोन्ही सोडून देतात. वीज आली की पुन्हा तेच. एकदा वीज गेली की दोन झटके ठरलेले. हा बिघाड नाही, त्याची घडणच तशी. स्वस्त म्हणून असे तीन हब बदलण्यापेक्षा स्वतःचा अडॅप्टर असलेला एक डॉक घेतलेला परवडतो.

पास-थ्रू हबचा वॅटचा हिशोबही तोकडा पडतो. हब स्वतःसाठी १० ते १५ वॅट राखतो, त्यामुळे ६५ वॅटच्या चार्जरमधून लॅपटॉपपर्यंत पोचतात सुमारे ५०. साध्या कामाला चालून जातं. व्हिडिओ कॉल, दोन स्क्रीन आणि दहा-वीस टॅब उघडे असले की चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरू लागते. ६५ वॅटच्या लॅपटॉपला हबबरोबर १०० वॅटचा चार्जर द्या. ६० वॅटच्या वर जायचं असेल तर केबलही ५ अँपिअरची, आत ई-मार्कर (केबलची क्षमता सांगणारी) चिप असलेली लागते. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटवर अडते. गेमिंग लॅपटॉप गोल पिनच्या चार्जरवर १८० ते २३० वॅट ओढतात. त्यांना डॉकवरून चार्ज करण्याच्या फंदात पडू नका, मूळ चार्जर लावलेलाच ठेवा.

अर्थिंग

लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून बोट फिरवलं की झिणझिण्या येतात? मग तीन पिनांच्या सॉकेटमधलं वरचं मोठं भोक बहुधा नावापुरतं आहे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत हे सर्रास दिसतं. वायरमनला मल्टिमीटरने मोजायला सांगा: फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ पाचाच्या वर सतत दिसत असेल किंवा फेज-अर्थ भलतंच काही दाखवत असेल, तर अर्थिंग दुरुस्त करून घ्या. डॉकच्या तीन पिनी प्लगला दोन पिनी कन्व्हर्टर लावून चालवणं आजच थांबवा. मॉनिटर, डॉक आणि लॅपटॉप चार्जर हे तिन्ही एकाच बोर्डावर ठेवा, म्हणजे त्यांची अर्थ एकच राहते.

फक्त स्क्रीन जात असेल तर

इथे दोन वेगळ्या गोष्टी तपासायच्या असतात आणि लोक दुसरी सहसा तपासतच नाहीत.

पहिली म्हणजे बँडविड्थ, केबलमधून सेकंदाला किती डेटा जाऊ शकतो ती मर्यादा. टाइप-सी केबलमध्ये वेगवान डेटाच्या चार वाटा असतात. डॉकला यूएसबी ३ सुद्धा द्यायचं असेल तर तो दोन वाटा चित्राला आणि दोन डेटाला देतो. लॅपटॉप डिस्प्लेपोर्ट (चित्र पाठवण्याची पद्धत) १.२ चा असेल तर दोन वाटांतून प्रत्यक्षात ८.६४ जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट) मिळतात. फुल एचडी, ६० हर्ट्झला (सेकंदाला साठ चित्रं) साडेतीन लागतात. क्यूएचडीला (२५६० × १४४०) सहाच्या आत काम होतं. फोर-के, ६० हर्ट्झला मात्र साडेबाराच्या वर लागतात, ते बसतच नाहीत, म्हणून चित्र ३० हर्ट्झवर उतरतं आणि माऊसचा बाण अडखळत सरकतो. डिस्प्लेपोर्ट १.४ असेल तर त्याच दोन वाटांतून सुमारे १३ जीबीपीएस मिळतात. फोर-के ६० जेमतेम बसतं, आणि असं जेमतेम बसलेलं चित्र केबल जरा जरी हलकी असली की लुकलुकतं. डॉकचा एचडीएमआय पोर्ट १.४ चा असला तरीही फोर-के ३० वरच थांबतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘फोर-के’ आणि बारीक अक्षरात ‘३० हर्ट्झ’ लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.

चाचणी: सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जाऊन रिझोल्यूशन फुल एचडी करा, तिथल्याच अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट ६० करा आणि एक दिवस काम करा. लुकलुक थांबली तर केबल किंवा बँडविड्थ दोषी. आधी एचडीएमआय केबल बदला, दोन मीटरपेक्षा लांब नको. डॉकला डिस्प्लेपोर्ट असेल आणि मॉनिटरलाही, तर एचडीएमआय सोडून तोच वापरा. डॉकच्या डिस्प्लेपोर्टातून मॉनिटरच्या एचडीएमआयमध्ये जाणारी साधी केबल बहुतेक वेळा चालते, उलट दिशेने ती चालत नाही. दुकानदार दोन्ही एकच म्हणून देतात.

दुसरी गोष्ट कूलर आणि खुर्ची. खरंच. गॅस लिफ्टच्या खुर्चीवरून उठताना-बसताना स्थिर विजेचा झटका तयार होतो, मॉनिटरची केबल तो पकडते आणि चित्र एक-दोन सेकंद जातं. हवा कोरडी असली की हे वाढतं, आणि आपल्याकडे मार्च ते मे हवा किती कोरडी असते ते वेगळं सांगायला नको. कूलरचा पंप किंवा मोटर त्याच बोर्डावर चालू-बंद केली तरी स्विचमध्ये ठिणगी पडते आणि परिणाम तोच. पाच-सहा वेळा मुद्दाम खुर्चीवरून उठा, बसा, कूलरचं बटण दाबा आणि स्क्रीनकडे पाहा. वेळ जुळली तर डॉक निर्दोष सुटला. कूलर दुसऱ्या बोर्डावर न्या, मॉनिटरची केबल आखूड आणि जाड आवरणाची घ्या, ती विजेच्या वायरींच्या जुडग्यातून वेगळी काढा आणि दोन्ही टोकांना फेराइट कोर (विजेचा गोंगाट अडवणारी कडी) बसवा. कूलरचा दमट झोत थेट डॉकवर येऊ देऊ नका, पोर्टांचे संपर्क गंजतात.

कधीकधी ग्राफिक्स ड्रायव्हर अडकलेला असतो. विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. स्क्रीन एकदा उडून परत आली आणि काम सुरळीत झालं तर ड्रायव्हर अपडेट करा.

स्क्रीनबरोबर माऊस, कीबोर्ड, नेटही जात असेल तर

आधी लॅपटॉप आणि डॉकमधली केबल. डॉकबरोबर आलेली केबल हरवली म्हणून मोबाइलची लावलेली असेल तर शोध तिथेच थांबवा. मोबाइलच्या बऱ्याच टाइप-सी केबली आतून यूएसबी २ च्या, म्हणजे ४८० एमबीपीएसच्या असतात. त्यातून चार्जिंग होतं, चित्र जात नाही. थंडरबोल्टच्या (टाइप-सी पोर्टावरच्या जास्त वेगाच्या जोडणीच्या) ४० जीबीपीएस पॅसिव्ह, म्हणजे आत सिग्नल वाढवणारी चिप नसलेल्या, केबलची लांबी ०.८ मीटरपर्यंतच असते, त्यापेक्षा लांब हवी असेल तर अ‍ॅक्टिव्ह केबल घ्यावी लागते आणि ती महाग पडते. एक्स्टेंडर जोडून लांबी वाढवू नका.

मग पोर्ट. केबल आत जाताना शेवटी ‘टक्’ होऊन बसली पाहिजे. बसत नसेल, किंवा बोटाने हलवल्यावर स्क्रीन जात असेल, तर आत कचरा असण्याची शक्यता मोठी. माग असलेल्या घरांत सुताचा तूस पोर्टाच्या तळाशी दाबून दाबून नमदा होतो आणि पिना पूर्ण टेकत नाहीत. लॅपटॉप बंद करा, सगळं काढा, ब्लोअरची हवा द्या आणि उरलेलं बारीक लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने हलक्या हाताने ओढून काढा. टाचणी घालायची नाही, मधली जीभ मोडली की मदरबोर्डाचं काम निघतं.

त्यानंतर विंडोजची वीजबचत. विंडोज की आणि एक्स दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा, तळाशी ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’ आहे. त्यातल्या प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’वर डबल क्लिक करा आणि ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची खूण काढा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. काही लॅपटॉपांवर तो पर्याय दिसत नाही, तेव्हा पहिली पायरी पुरते. दहा-पंधरा मिनिटं हात न लावल्यावर डॉक झोपतो आणि उठताना गोंधळतो, अशा तक्रारीवर याचा उपयोग होतो.

फर्मवेअर अपडेट करायचं तर क्रम पाळा: लॅपटॉपचं बायोस, मग थंडरबोल्ट किंवा चिपसेटचा ड्रायव्हर, शेवटी डॉकचं फर्मवेअर. मोठ्या कंपन्यांच्या डॉकना हे मिळतं, बिननावाच्या हबना मिळत नाही. डॉकचं फर्मवेअर चढत असताना वीज गेली तर डॉक कायमचा जाऊ शकतो, म्हणून ते काम यूपीएसवरच करा.

हबला लावलेली पोर्टेबल हार्ड डिस्क फिरायला लागली की सगळं गळून पडत असेल, तर हबला तेवढा करंट देता येत नाही. यूएसबी ३ चा पोर्ट नियमाप्रमाणे ९०० मिलिअँपिअर देतो, बिनअडॅप्टरच्या हबमध्ये तेवढाच सगळ्यांत वाटला जातो. डिस्क थेट लॅपटॉपला लावा.

दुपारी दोन ते पाचमध्येच त्रास होतो आणि सकाळी काही नाही, तर उष्णता. बऱ्याच डॉकच्या माहितीपत्रकात ३५ किंवा ४० अंशांपर्यंतचं तापमान दिलेलं असतं, आणि एप्रिल-मेमध्ये इथली खोलीच तिथपर्यंत पोचते. थंडरबोल्ट डॉक तर चांगल्या हवेतही हाताला गरम लागतो. टेबलावर चादर अंथरलेली असेल तर डॉक तिच्यावर ठेवू नका. जाड सोलापुरी चादर खालून उष्णता कोंडते आणि वरून तूस देते. डॉक उघड्या फरशीच्या तुकड्यावर ठेवा किंवा स्टँड असेल तर उभा ठेवा. दुपारी टेबल फॅन त्याच्याकडे वळवून पाहा. त्रास थांबला तर उत्तर मिळालं.

डॉकच्या नेटवर्कचे दोन विचित्र दोष

लॅपटॉप झोपवला किंवा डॉकपासून काढला की घरातलं सगळं इंटरनेट बसतं, टीव्हीवरचंसुद्धा. डॉकमधली इथरनेट चिप त्या अवस्थेत कधीकधी ‘पॉज फ्रेम’चा (पाठवणं थांबवा, असं सांगणाऱ्या संदेशांचा) मारा सुरू करते आणि राउटर किंवा स्विच थांबून राहतो. डॉकची लॅनची वायर काढली की लगेच सगळं सुरळीत होतं, हीच याची खूण. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या इथरनेट अडॅप्टरच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘फ्लो कंट्रोल’ बंद करा आणि डॉकचं फर्मवेअर असल्यास चढवा.

दुसरा दोष वायरलेस माऊसचा. त्याचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) डॉकच्या यूएसबी ३ पोर्टात हार्ड डिस्कशेजारी असेल तर बाण उड्या मारतो. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि डोंगल त्याच पट्ट्यावर बोलतो. अर्ध्या मीटरची यूएसबी एक्स्टेंशन घेऊन डोंगल माऊसजवळ आणा. लॅपटॉप वायफाय वापरत असेल तर तो ५ गिगाहर्ट्झवर न्या.

नवीन घ्यायचाच असेल तर

लॅपटॉपचा टाइप-सी पोर्ट आधी वाचा. शेजारी विजेचं चिन्ह असेल तर थंडरबोल्ट. डिस्प्लेपोर्टचं ‘डी’सारखं चिन्ह असेल तर चित्र निघतं. नुसतं यूएसबीचं चिन्ह असेल तर बहुधा फक्त डेटा, आणि अशा पोर्टाला कितीही महाग हब लावला तरी त्याच्या एचडीएमआयमधून काही येणार नाही. चिन्हं नसतील तर मॉडेल क्रमांक टाकून कंपनीचं माहितीपत्रक पाहा.

एकच मॉनिटर लावायचा असेल तर डॉक घेऊच नका, असा आमचा सल्ला आहे. ६५ किंवा ९० वॅट चार्जिंग देणारा टाइप-सी मॉनिटर घ्या. एकाच केबलीत चित्र, चार्जिंग आणि यूएसबी येतं, बिघडणारी एक वस्तू कमी होते. विंडोजवर दोन फुल एचडी मॉनिटर हवे असतील तर एमएसटी (एकाच जोडणीतून अनेक स्क्रीन चालवण्याची सोय) असलेला, स्वतःचा अडॅप्टर असलेला टाइप-सी डॉक पुरतो. वरच्या हिशोबाने दोन्ही मिळून सुमारे सात जीबीपीएस, म्हणजे जुन्या डिस्प्लेपोर्ट १.२ च्या दोन वाटांतही बसतात. थंडरबोल्ट डॉकचे पैसे दोन फोर-के किंवा वेगवान एसएसडीसाठीच वसूल होतात.

मॅकबुकची गोष्ट निराळी. मॅकओएस एमएसटीवर दोन वेगळ्या स्क्रीन देत नाही, दोन्हींवर एकच चित्र दाखवतं. साध्या एम १ आणि एम २ च्या मॅकबुकला तर बाहेरची एकच स्क्रीन चालते, एम ३ च्या एअरला झाकण बंद ठेवल्यावर दोन, एम ४ च्या एअरला झाकण उघडं ठेवून दोन. जुन्यांवर दोन हव्याच असतील, किंवा विंडोज लॅपटॉपचा पोर्ट फक्त डेटाचा असेल, तर डिस्प्लेलिंक डॉक हा मार्ग उरतो. तो यूएसबीवरून चित्र पाठवतो, त्यासाठी ड्रायव्हर लागतो आणि प्रोसेसरवर थोडा भार पडतो. मॅकवर त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते आणि संरक्षित चित्रपट-मालिका त्या स्क्रीनवर दिसत नाहीत. पुण्या-हैदराबादच्या कंपनीचा लॅपटॉप घेऊन जुळे सोलापुरातून काम करणाऱ्यांनी डॉक मागवण्याआधी आयटी विभागाला विचारावं. अ‍ॅडमिन परवानगी नसेल तर ड्रायव्हर चढणार नाही आणि हजारोंचा डॉक पेपरवेट होईल.

लॅपटॉपकडची केबल डॉकला कायमची जोडलेली नको, सुटी हवी. सतत वाकते ती केबलच, आणि जोडलेली केबल गेली की सगळा डॉक जातो. अडॅप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्या. नवी पेठेतल्या दुकानातून घेत असाल तर लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि घरची मॉनिटर केबल बरोबर न्या. दुकानातच डॉकवर मॉनिटर लावा, रिफ्रेश रेट ६० दिसतो का पाहा, व्हिडिओ चालू ठेवून यूएसबी ३ च्या पेन ड्राइव्हवरून चार-पाच जीबीची फाइल उतरवा आणि ती उतरत असताना केबलचं टोक बोटाने हलवून बघा. ऑनलाइन मागवला तर हीच चाचणी पहिल्याच दिवशी, दुपारच्या उन्हात आणि मेन स्विच पाडून करा, कारण परत करण्याची मुदत थोडीच असते.